लहान केलेले जठर आणि लवकर आलेले मातृत्व

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतून काम करणाऱ्या एक भगिनी दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर आमच्या युनियनच्या कचेरीत आल्या. बाकावर बसल्या, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, "काका, बाळंतपणाच्या रजेचं विचारायचं होतं. पण त्याआधी दुसरंच एक विचारायचं आहे, ते कोणाला विचारावं कळत नाही."

हकीकत अशी होती. लग्नाला सहा वर्षे झाली, मूल नाही. वजन एकशे बारा किलो, मधुमेहाची सुरुवात, गुडघे धरलेले. विम्याचे काही पैसे, पतपेढीचे काही कर्ज, अशी तोंडमिळवणी करून मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. पाच महिन्यांत तीस किलो उतरले, आणि त्याच पाचव्या महिन्यात दिवस राहिले. घरी सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. नवरा मात्र घाबरला, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी "दीड वर्ष मूल होऊ देऊ नका" असे बजावले होते. शेजारच्या जाणत्या बाईंनी निकालच दिला की, "आता मूल अधू होणार, मोकळी होऊन ये." एका दवाखान्यात डॉक्टर घाईत होते, ते एवढेच म्हणाले, "एवढी कसली घाई होती?" रजा किती मिळेल हे आम्ही त्यांना पाच मिनिटांत सांगितले. हे मूल ठेवावे की न ठेवावे, या प्रश्नाला मात्र आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आम्ही वैद्य नव्हे. परंतु कामगाराच्या प्रश्नाला "ठाऊक नाही" एवढेच सांगून त्याला परत पाठवू नये, असा आमच्या चळवळीतला दंडक आहे. तेव्हा आम्ही जाणत्या डॉक्टरांना गाठले, त्यांनी दिलेले कागद वाचले, न समजलेले पुन्हा विचारले. त्यातून जे हाती लागले ते आज या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे मांडीत आहोत. ही शस्त्रक्रिया आता केवळ धनिकांची राहिलेली नाही. २०१७ साली इजिप्तहून एक अतिस्थूल रुग्ण महिला चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात आणली गेली, तेव्हापासून 'बॅरिअ‍ॅट्रिक' हा शब्द आमच्या लोकलगाडीच्या डब्यातही ऐकू येऊ लागला. आणि शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत स्त्रिया अधिक, त्यांतही मूल होण्याच्या वयाच्या पुष्कळ. म्हणून हा विषय घरोघरचा आहे.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय

अमेरिकेतील आयोवा येथे १९६६ साली एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो या शल्यवैद्यांनी जठराला वळसा घालण्याची शस्त्रक्रिया प्रथम केली. व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते, हे पूर्वीच ध्यानात आले होते. तीच गोष्ट त्यांनी हेतुपुरस्सर साधली. आज मुख्यतः दोन प्रकार चालतात.

पहिल्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. याला 'स्लीव्ह' म्हणतात. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम लहानशा वाटीएवढी पिशवी वेगळी करतात आणि ती थेट पुढच्या लहान आतड्याला जोडतात. मधला मार्ग, म्हणजे उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग, अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. याला 'बायपास' म्हणतात. घोडबंदरच्या रस्त्यावर गर्दी टाळण्यासाठी बाहेरून रस्ता काढावा, तसाच हा प्रकार.

यात दोन गोष्टी घडतात. एक, घास कमी जातो, आणि भूकही कमी लागते. भूक लावणारा 'घ्रेलिन' नावाचा स्राव जपानी संशोधकांनी १९९९ साली शोधला. तो मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतो, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. दोन, खाल्लेल्यातून अंगी लागणारे सत्त्वही कमी होते. लोह आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, हे आतड्याच्या पहिल्या भागात अधिक शोषले जातात, आणि बायपासमध्ये तोच भाग वगळलेला असतो. बी-१२ हे जीवनसत्त्व पचावयास जठरातले आम्ल आणि जठरातच तयार होणारे एक साहाय्यक द्रव्य लागते. जठर लहान झाले की तेही कमी पडते. म्हणूनच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. वजन उतरले म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ भेटतात. बोट किनाऱ्याला लागण्याआधीच वल्हे टाकून देण्यासारखे ते आहे.

वांझ म्हणविलेल्या स्त्रीला दिवस कसे राहतात

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सहा वर्षे मूल नाही आणि शस्त्रक्रियेनंतर पाच महिन्यांत दिवस राहिले, हा चमत्कार नव्हे. शरीरातील चरबी ही नुसती साठवण नसते. ती स्वतः स्त्री-संप्रेरके तयार करते, आणि अतिरिक्त चरबीमुळे इन्शुलिनचे कार्य बिघडते. त्याचा परिणाम अंडाशयावर होतो, बीजांड वेळेवर सुटत नाही, पाळी महिनोन्‌महिने येत नाही. हल्ली 'पीसीओएस' हे नाव अनेक मुलींच्या तोंडी असते, त्यातही हाच घोटाळा असतो. वजन झपाट्याने उतरू लागले की हे चक्र सुधारते, आणि कित्येकींच्या बाबतीत अवघ्या काही महिन्यांत बीजांड पुन्हा नियमाने सुटू लागते. पाळी दिसण्यापूर्वीच ते सुटू शकते.

घरच्यांनी जिला वांझ ठरविले आणि तिनेही ते मनोमन मान्य केले, ती स्त्री कशाला काळजी घेईल? "मला कुठे राहणार आहे?" असे म्हणत ती निर्धास्त राहते, आणि नेमका तोच काळ तिच्या शरीराला गर्भ पोसण्यास सर्वांत प्रतिकूल असतो. आमच्या त्या भगिनींचे हेच झाले. यात त्यांचा दोष किती? शस्त्रक्रियेच्या आधी मूल होऊ देऊ नका असे बजावले गेले, पण मूल आता पूर्वीपेक्षा सहज राहील, हे कोणी समजावून सांगितले नव्हते. अर्धी सूचना ही पुष्कळदा सूचना नसण्यापेक्षा घातक ठरते.

आणखी एक गोष्ट. गर्भनिरोधक गोळी पोटातून शोषली जाते. बायपासनंतर तिचे शोषण भरवशाचे राहत नाही, आणि उलट्या किंवा जुलाब होत असले तर कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर तिच्यावर विसंबता येत नाही. म्हणून पोटाच्या वाटेने न जाणारा उपाय डॉक्टर सुचवितात. आपल्याकडे सर्वांस ठाऊक असलेली तांबी ही त्यांतील चांगली. शस्त्रक्रियेचा दिवस ठरतो त्याच दिवशी तांबीची गोष्टही ठरावी.

थांबावयाचे का आणि किती

साधारण सल्ला बारा ते अठरा महिने थांबण्याचा आहे. काही ठिकाणी दोन वर्षांपर्यंतही सांगतात. कारण सरळ आहे. पहिल्या वर्षात शरीर आपला साठा मोडून चालत असते. ज्या घरात मिळकतीपेक्षा खर्च जास्त आहे आणि रोज एक भांडे मोडीत निघते आहे, त्या घरी पाहुणा आला तर त्याची बडदास्त कशी ठेवणार? वजन स्थिर झाले, रक्ताचे हिशेब जुळले, की मग गर्भाला जे हवे ते देता येते.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या जन्मनोंदींवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांच्या आत जन्मलेल्या मुलांत अकाली जन्माचे प्रमाण शेकडा १७.२ आढळले, तर चार वर्षांहून अधिक काळाने जन्मलेल्यांत ते शेकडा ११.८ होते. लहान चणीची मुले आणि अतिदक्षता कक्षात ठेवावी लागलेली मुलेही पहिल्या गटात जास्त होती.

थांबणे चांगले, हे या आकड्यांवरून स्पष्ट आहे. परंतु हेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचावे. शंभरांतली सतरा मुले अकाली जन्मली, म्हणजे त्र्याऐंशी पुऱ्या दिवसांची जन्मली. "आता मूल अधूच होणार" हा शेजारच्या बाईंचा निकाल या आकड्यांत कोठेही बसत नाही. थांबा, हा सल्ला आहे. दिवस राहिल्यावर ती शिक्षा नव्हे. लवकर राहिलेला गर्भ केवळ लवकर राहिला म्हणून काढून टाकावा, असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. ते एवढेच सांगते की, आता देखरेख दुप्पट करा.

मूल ठेवावयाचे की नाही हा निर्णय मात्र त्या स्त्रीचा आहे. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात, २०२१ च्या दुरुस्तीनंतरही, सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची वा सासूची सही लागत नाही. भीतीपोटी किंवा कोणाच्या दटावणीने तिने इकडचे वा तिकडचे पाऊल टाकू नये, एवढाच आमचा आग्रह.

शस्त्रक्रियेचा लाभही सांगितला पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. २०१५ साली स्वीडनमधील एका मोठ्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांची तुलना तेवढेच मूळ वजन असलेल्या पण शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रियांशी केली होती. गरोदरपणातील मधुमेह पहिल्या गटात शेकडा १.९ आणि दुसऱ्यात ६.८, प्रमाणाबाहेर मोठे मूल पहिल्यात ८.६ आणि दुसऱ्यात २२.४. परंतु प्रमाणापेक्षा लहान मूल मात्र पहिल्या गटात शेकडा १५.६ आणि दुसऱ्यात ७.६. म्हणजे आईची काही संकटे टळतात, आणि बाळाच्या पोषणाची एक नवी जबाबदारी येते.

मुंबईच्या गिरणगावातला जुना धडा

या जबाबदारीचा एक धागा आमच्या मुंबईच्या कामगार-इतिहासाशी जुळतो. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गरीब गरोदर स्त्रियांत, विशेषतः कापड गिरण्यांतील कामगार स्त्रियांत, एक जीवघेणा पंडुरोग आढळत असे. विल्सबाईंनी या स्त्रियांच्या आहाराची बारकाईने पाहणी केली. पुढे यीस्टचा अर्क, बाजारात मिळणारे साधे 'मार्माइट', दिल्याने हा पंडुरोग बरा होतो असे त्यांना आढळले, आणि १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कात जे अज्ञात द्रव्य होते तेच पुढे 'फॉलिक अ‍ॅसिड' म्हणून ओळखले गेले. आज जगातल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला जी गोळी देतात, तिचे मूळ आमच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या उपासमारीत आहे.

त्या काळी सत्त्व कमी पडे ते दारिद्र्यामुळे. आज शस्त्रक्रियेने तेच घडू शकते. आणि दारिद्र्याचे कारणही अजून संपलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शेकडा ५७ स्त्रियांत रक्त कमी आढळले. जिचे रक्त आधीच कमी, तिच्या अन्नाची वाट आखूड केली तर काय होईल, हे सांगावयास नको. लठ्ठ स्त्री म्हणजे पोसलेली स्त्री हा एक भ्रम आहे. वडापाव आणि चहा यांवर दिवस काढणारी स्त्री वजनाने भारी आणि रक्ताने हलकी असू शकते.

दिवस राहिल्यावर काय करावे

आता व्यवहाराचे सांगतो. हे सारे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करावयाचे, हे गृहीत आहे.

पहिले, लपवू नका. प्रसूतितज्ज्ञांना शस्त्रक्रियेचा प्रकार आणि तारीख सांगा, शल्यवैद्यांना गरोदरपण सांगा, आणि दोघांची गाठ घालून द्या. शस्त्रक्रियेचा कागद पर्समध्ये ठेवा. रात्री-अपरात्री टेंभा रुग्णालयात अथवा अन्य कोठे जावे लागले, तर तेथील डॉक्टरांना तो कागदच सर्व काही सांगेल.

दुसरे, रक्ताचा हिशेब. लोह, बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व यांची तपासणी दर तीन महिन्यांनी व्हावी. सरकारी केंद्रात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. ती जरूर घ्यावी. पण बायपास झालेल्या स्त्रीला तेवढी पुरेलच असे नाही, कधी शिरेतून लोह द्यावे लागते. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये, दोहोंत निदान दोन तासांचे अंतर असावे, आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये. अ जीवनसत्त्व 'रेटिनॉल' रूपात जास्त गेले तर गर्भाला अपाय होतो, म्हणून औषधाच्या दुकानातून कोणतीही गोळी स्वतःच्या मताने आणू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा.

तिसरे, आहार. आपल्याकडे गरोदर बाईला "दोघांचं जेव" म्हणतात. या बाईला एकाचेही एका वेळी जेवता येत नाही. तिने दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खावे, आणि घासात आधी प्रथिने असावीत. आमच्या उत्तन-चौकच्या कोळी भगिनींना बोंबील, मांदेली, अंडे यांची अडचण नाही. भाईंदरात शाकाहारी कुटुंबे पुष्कळ. त्यांनी मूग, मटकी, पनीर, दही यांवर भर द्यावा, आणि बी-१२ चे इंजेक्शन अथवा गोळी मुळीच चुकवू नये. पाणी जेवणाबरोबर नको, मधल्या वेळात घोट घोट घ्यावे. वजन उतरविण्याचा प्रयत्न या नऊ महिन्यांत अजिबात नको.

चौथे, गोडाचे. डोहाळजेवणात पुढे मांडलेले पेढे आणि लाडू ही कौतुकाची गोष्ट खरी. पण या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, गोड पदार्थ झरकन आतड्यात उतरतो आणि घाम, धडधड, चक्कर, मळमळ सुरू होते. ओटी भरा, गाणी म्हणा; ताटात मात्र गोड नको. याच कारणाने साखरेचे पाणी पाजून करावयाची मधुमेहाची चाचणी या स्त्रियांना सोसत नाही, आणि तिचा निकालही भरवशाचा नसतो. त्याऐवजी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान आठवडाभर घरीच बोटातून रक्त घेऊन साखर मोजावी.

पाचवे, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, पोटदुखी आणि उलट्या. गरोदर बाईला उलट्या व्हावयाच्याच, असे म्हणून घरी बसू नये. बायपास झालेल्या स्त्रीत गर्भाशय वाढताना आतडे आतल्या फटीत अडकू शकते, आणि हे बहुधा शेवटच्या महिन्यांत घडते. वरच्या पोटात कळा येत असतील आणि उलट्या होत असतील तर ती 'अ‍ॅसिडिटी' समजू नये. शल्यवैद्य असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे. तसेच उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर बी-१ जीवनसत्त्व संपत येते. अशा वेळी आपण दवाखान्यात जाऊन "सलाईन लावा" म्हणतो. त्यात ग्लुकोज असेल आणि आधी बी-१ दिलेले नसेल, तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना शस्त्रक्रियेची आठवण करून द्यावयाची ती यासाठी.

सहावे, बाळाची वाढ. सहाव्या-सातव्या महिन्यापासून साधारण दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी करून वाढ पाहावी. वजनाची शस्त्रक्रिया झाली एवढ्याच कारणाने सिझेरियन करावे लागत नाही. बाळाला अंगावर पाजता येते, पाजावेच. मात्र आईचे बी-१२ कमी असेल तर दुधातूनही ते कमीच जाते, म्हणून बाळंतपणानंतर गोळ्या सोडू नयेत.

कारखान्याने काय करावे

येथे आमचा स्वतःचा प्रांत येतो. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. देशभराचा कायदा १९६१ साली आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांपर्यंत रजा २६ आठवड्यांची झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच ठेवली आहे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की हक्क लागू होतो. २६ पैकी आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात, आणि या रजेच्या काळात कामावरून काढता येत नाही.

कायद्यात न लिहिलेली एक गोष्ट आम्ही मालकांकडे मागतो. ज्या बाईला दर दोन-अडीच तासांनी चार घास खाल्लेच पाहिजेत, तिला दुपारच्या एकाच सुट्टीवर ठेवणे म्हणजे तिचे आणि बाळाचे पोषण तोडणे होय. दहा मिनिटांची एक सुट्टी सकाळी आणि एक दुपारी, बसून करावयाचे काम, आणि महिन्याला तपासणीसाठी अर्धा दिवस, एवढ्याने कोणताही गाळा बंद पडत नाही. आमच्या त्या भगिनींच्या मालकांनी प्रथम नाक मुरडले, नंतर मान्य केले. त्यासाठी संप करावा लागला नाही. दोनदा जाऊन बसावे लागले.

त्या भगिनींचे पुढे काय झाले, असे श्रोते विचारतील. त्यांनी मूल ठेवले. सातव्या महिन्यात रक्त फार उतरले, दोनदा शिरेतून लोह द्यावे लागले. सदतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. वजन दोन किलो चारशे ग्रॅम. चणीने लहान, पण तब्येतीने ठीक. एकीच्या उदाहरणावरून नियम बांधू नये, हे आम्हांस ठाऊक आहे. दुसरीचे इतके सुखरूप होईलच असे नाही. म्हणून शस्त्रक्रिया करावयाची असेल त्यांनी आधी तांबीची गोष्ट बोलावी आणि दीड वर्ष धीर धरावा. आणि दिवस राहूनच गेले असतील त्यांनी भिऊ नये, लपवू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

घरच्यांनीही त्या बाईला "घाई का केलीस?" असे विचारू नये. "गोळी घेतलीस का, आणि चार घास खाल्लेस का?" एवढेच विचारावे.